स्कोप आहे का?

जूनमध्ये ‘नीट’चा निकाल लागला की पुढचे दीड-दोन महिने माझ्या दवाखान्यात वेगळीच माणसं येतात. त्यांचं काही दुखत नसतं. आई किंवा वडील, सोबत बारावी झालेली मुलगी, हातात प्लास्टिकच्या फायलीत गुणपत्रिका. मुलगा क्वचितच असतो. शेवटचा पेशंट जाईपर्यंत ती बाकावर बसून राहतात आणि मग आत येऊन एकच विचारतात, ‘‘फिजिओला स्कोप आहे का?’’

यंदा शिरोळ तालुक्यातले एक एसटी कंडक्टर आले. ड्युटी संपवून थेट आलेले, खाकी शर्ट अंगावरच होता. म्हणाले, ‘‘मॅडम, एमबीबीएसला लागत न्हाई हे आमाला कळलंय. बीएएमएसचा खर्च झेपत न्हाई. फिजिओला लागंल म्हणत्यात. कॉलेजवालं सगळं चांगलंच सांगत्यात. साडेचार-पाच वर्सं घालवून पोरीला नोकरी लागंल का, तेवढं खरं सांगा.’’

मी मिरजेत पंचवीस वर्षांहून जास्त काळ हे काम करते आहे. आठवड्यातले दोन दिवस एका कॉलेजात शिकवतेही. माझ्या वर्गात बसलेल्या मुलींच्या आईवडिलांनी हाच प्रश्न कोणाला तरी विचारलेला असतो, आणि त्यांना मिळालेल्या उत्तराची जबाबदारी थोडीफार माझ्यावरही येते. म्हणून मी घाईने बोलत नाही. त्या दिवशी त्यांना म्हणाले, ‘‘काम भरपूर आहे. नोकरी फार थोडी आहे.’’

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘काम असंल तर नोकरी का नसंल?’’

रात्रीचे नऊ वाजले होते, त्यांना शेवटची गाडी गाठायची होती. मी जमेल तेवढं सांगितलं. पण त्यांचा प्रश्न मला पुरून उरला.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासूनची ही ओळख. १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. आजही सकाळच्या गाड्यांनी अथणी, रायबाग, विजापूरकडची माणसं उतरतात ती थेट दवाखान्याची रिक्षा करतात. हाडांच्या डॉक्टरांच्या पाट्या वाचत चाललं तर रस्ता संपतो, पाट्या संपत नाहीत. जिथे इतकी हाडं जोडली जातात तिथे ती पुन्हा हलवायला शिकवणारी माणसंही तेवढीच लागणार, असं कोणालाही वाटेल. १९९९ मध्ये मुंबईहून शिकून परत आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

आमचा पेशा या देशात मुंबईतच रुजला. केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण सुरू झालं, तेही पोलिओच्या साथीच्या निमित्ताने. आम्ही शिकत होतो तेव्हाही, नव्वदच्या दशकात, ओपीडीत कॅलिपर घातलेली मुलं ओळीने बसलेली असायची. पुढे जानेवारी २०११ मध्ये हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ती ओळ उठून गेली. त्या बाकांवर आता म्हातारी माणसं बसतात. गुडघे, मणके, साखरेच्या आजारामुळे आखडलेले खांदे, अंगावरून वारं गेलेली माणसं. काम कमी झालं नाही. त्याचं वय वाढलं.

माझी पहिली नोकरी एका खासगी रुग्णालयात होती. पगार महिना अठराशे रुपये. जिन्याखालची जागा मला दिली होती. तिथे एक शेकाचं मशीन, एक ‘वजन लावायचं’ टेबल आणि मेणाच्या शेकाचं भांडं. पेशंट म्हणायचे, ‘करंट लावणाऱ्या बाई’. आजही आमच्या दवाखान्यांना लोक करंटचा दवाखाना म्हणतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. दुःख वेगळं होतं. महिन्याच्या शेवटी मालक डॉक्टर हिशेब मांडायचे तो मशीनचा. किती जणांना शेक, किती जणांना वजन. एका बाईंचा मोडलेला घोटा घेऊन मी रोज चाळीस मिनिटं त्यांना तोल सांभाळायला शिकवत होते. ती चाळीस मिनिटं कागदावर कुठेच नव्हती. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘मशीनचे पैसे लावता येतात. व्यायामाचे कसे लावणार? पेशंट म्हणतो, हे तर घरीही करता येतं.’’

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाजाराचा नियम सांगितला, आणि तो नियम अजूनही फारसा बदललेला नाही.

आज माझ्या ज्या विद्यार्थिनी सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजीत नोकरीला लागतात त्या सुरुवातीला बारा-पंधरा हजारांवर लागतात. काहींना दहाही मिळतात. पुण्याला गेल्या तर अठरा-वीस, पण खोलीभाडं आणि डबा वजा करता हातात उरतं ते इथल्याइतकंच. खासगी कॉलेजची फी वर्षाला दीड-दोन लाखांच्या घरात. सरकारी आणि महापालिकेच्या संस्था राज्यात बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही मुख्यतः मुंबई-नागपूरकडे. आमच्या भागातल्या मुलीला त्या लागल्या तर लागल्या, नाहीतर खासगी कॉलेज आहेच. कंडक्टर दादांनी माझ्यासमोर बोटांवर हिशेब केला. तिकीट फाडणाऱ्या माणसाचा हिशेब चुकत नाही. नुसती फी भरून निघायलाच किती वर्षं लागतील ते त्यांनी सांगितलं आणि मुलीकडे न बघता खिडकीबाहेर पाहिलं.

मग काम आहे असं मी कशाच्या जोरावर म्हणते?

तासगावच्या बाजूला, माझ्या घरापासून अठरा किलोमीटरवर एक द्राक्षबागायतदार होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. वय अठ्ठावन्न. पहाटे औषध फवारायला निघाले आणि ब्लोअरपाशीच कोसळले. उजवं अंग गेलं. आठ-नऊ दिवस दवाखान्यात होते, जीव वाचला, घरी आणलं. सुटीच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली शेवटची एक ओळ होती, ‘फिजिओथेरपी करावी’. कोणी करावी, किती दिवस, कुठे, कशासाठी, यातलं काही नाही. ती ओळ घेऊन त्यांचा मुलगा माझ्याकडे आला.

मी गेले तेव्हा आप्पा सोप्यात पलंगावर होते. उजवा खांदा निखळल्यासारखा खाली आला होता, कारण दोन्ही मुलं त्यांना उठवताना दंडाला धरून ओढत होती. प्रेमापोटीच. लुळ्या बाजूचा हात धरून ओढायचा नसतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कोणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं होतं, तेही करून झालं होतं. मी त्याबद्दल काही बोलले नाही. ज्या घराला दुसरं कोणी काही सांगत नाही ते घर हाताला लागेल ते करतं.

पलंग बुटका होता. बुटक्या जागेवरून उठायला मांड्यांत जास्त जोर लागतो, तो आप्पांकडे नव्हता. अंगणात विटा रचलेल्या होत्या. चार विटा आणवून पलंगाच्या पायांखाली घातल्या. मग त्यांना कडेला बसवलं. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, दोन्ही टाचा टेकलेल्या. मी समोर बसले, त्यांच्या कमरेला टॉवेल बांधून दोन्ही बाजूंनी धरला, माझा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकवला, म्हणजे तो दुमडणार नाही. म्हटलं, ‘‘आप्पा, वर बघू नका. नाक पायाच्या बोटांच्या पुढं आणा. वाका, आणखी वाका.’’ माणसाला वाटतं उठायचं म्हणजे वर जायचं. खरं म्हणजे आधी पुढे जायचं असतं. लहानपणी शरीर हे आपलं आपण शिकतं. अंगावरून वारं गेलं की ते पुसलं जातं आणि पुन्हा एकेक करून शिकवावं लागतं. पहिल्या दिवशी त्यांचं बूड पलंगापासून दोन बोटं उचललं गेलं आणि परत टेकलं. त्यांच्या पत्नी, काकू, दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

असं रोज वीस वेळा, तीस वेळा. त्यासोबत खांदा आधाराला बांधणं, कुशीवर वळणं, उजव्या पायावर भार घेणं. मेंदू दुसऱ्या वाटा शोधतो, पण त्याला ते काम पुन्हा पुन्हा करून दाखवावं लागतं. पहिले तीन ते सहा महिने सगळ्यांत मोलाचे. नंतरही सुधारणा होते, पण वेग उतरतो.

दहाव्या दिवशी मुलाने मला अंगणात बाजूला घेतलं. व्हिजिटला चारशे प्रमाणे चार हजार झाले होते. म्हणाला, ‘‘मॅडम, फरक तर लई दिसत न्हाई. दहा सिटिंग सांगितल्याली, दहा झाली.’’ दवाखान्याचं लाखांतलं बिल त्याच मुलाने एक प्रश्न न विचारता भरलं होतं. त्याला कंजूस म्हणणं अन्यायाचं होईल. दवाखान्यात मरणाची भीती होती आणि भीतीपुढे माणूस पैसा मोजत नाही. घरी आल्यावर भीती संपते, उरतो तो कंटाळा. आणि कंटाळ्याच्या दिवसांत चारशे रुपये दिसू लागतात. शिवाय त्या वर्षी अवकाळीने बागेचं जे व्हायचं ते झालं होतं.

आम्ही तडजोड केली. मी दर तिसऱ्या दिवशी यायचं, मधल्या दिवसांत सुनेने करून घ्यायचं. ती बारावी झालेली, समजदार मुलगी होती. तिने भिंतीवर कोळशाने रेघा मारायला सुरुवात केली. एक उठणं, एक रेघ. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास आप्पा भिंतीला धरून एकटे संडासपर्यंत गेले. त्या दिवसापासून काकूंना शेजारच्या पोरांना हाक मारावी लागली नाही. हे मी कुठल्या मोजमापात मांडू ते मला अजून कळलेलं नाही. बोटांची पकड आली नाही. ब्लोअर चालवणं संपलं. पण एका घरातल्या एका बाईचं रोज सकाळी लाजेने मान खाली घालणं थांबलं.

त्या दहाव्या आणि चाळिसाव्या दिवसाच्या मधे आमची सगळी नोकरी अडकलेली आहे. ते मधले तीस दिवस कोण देणार? सरकारी योजना असो की खासगी विमा, पैसा बहुतेक वेळा खाटेवर झोपलेल्या माणसामागे येतो. खाट सोडून उभं राहू पाहणाऱ्यामागे येत नाही. शस्त्रक्रियेचं पॅकेज असतं, अतिदक्षता विभागाचे दिवस असतात. घरी घेतलेल्या चाळीस दिवसांच्या कष्टाला बहुतेकदा रकाना नसतो. आणि जिथे रकाना नाही तिथे पद तयार होत नाही. रुग्णालयाला छातीचा कफ काढायला, बदललेला गुडघा वाकवून दाखवायला दोन ज्युनिअर मुली पुरतात. पेशंट घरी गेला की रुग्णालयाचा संबंध संपतो, आणि आमचं खरं काम तिथे सुरू होतं. कंडक्टर दादांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं.

आप्पांच्या मुलाकडे निदान चार हजार होते. ज्यांच्याकडे तेही नाहीत, किंवा ज्यांच्याकडे दिवसच नाहीत, त्यांचं काय?

दिवाळीनंतर आमच्याकडे ऊसतोड सुरू होते. बीड, जतकडची माणसं कारखान्यांच्या आसऱ्याला खोपटी टाकून राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल घेतलेली, मुकादमाचं लक्ष. एका जानेवारीत दुपारी एक बाई आल्या, पस्तिशीच्या असतील. मानेतून डाव्या हातात कळ आणि मुंग्या. ट्रॅक्टर-ट्रॉली बाजारात थांबली होती म्हणून अर्धा तास सवड होती. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढायचं, ते दिवसातून किती वेळा, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी मोजलं नव्हतं. मला त्यांच्या मानेला तीन आठवडे विसावा हवा होता. त्यांच्याकडे वीस मिनिटं होती. दोन व्यायाम शिकवले. मोळी घेताना हनुवटी आत कशी ठेवायची, चुंबळ कशी जाड करायची, रात्री उशाला काय घ्यायचं ते सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘ताई, हे करते मी. पर आजच्यापुरती एखादी गोळी न्हाई का?’’ गोळी देणं माझं काम नाही. त्या गेल्या आणि परत आल्या नाहीत. हंगामात एक दिवस खाडा म्हणजे दंड, हे मला नंतर नीट कळलं.

इचलकरंजीच्या मागांवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्यांचं तेच. कामगार विम्यात ज्याचं नाव आहे त्याला काही आधार असतो. पण तिथे मागाच्या छोट्या खोल्या पुष्कळ, आणि नोंद नसलेले हातही पुष्कळ. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. भोपळा मांडीत धरून दिवसभर वाकून बसणारे कारागीर आहेत. त्यांच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटतो. त्यांच्या अंगठ्यांना आणि मानांना मात्र अजून कोणी मोजलेलं नाही. या भागात ज्यांचं शरीर हेच भांडवल आहे, ते झिजण्याआधी सांभाळणाऱ्या माणसाची त्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे. आणि आमच्या दवाखान्याच्या बाकावर तेच सगळ्यांत कमी दिसतात.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २०१० नंतर ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची जागा आली. २०१३ पासून बालकांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचाराची केंद्रं उभी राहिली. जन्मतः मेंदूला इजा झालेल्या मुलांना तिथे आमच्यातली कोणीतरी मान धरायला, बसायला शिकवते. फार मोलाचं काम. पण या जागा बहुतेक कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग पुन्हा ऑर्डर. माझी एक विद्यार्थिनी अशा नोकरीत कित्येक वर्षं आहे. तिने बसवायला शिकवलेली मुलं आता शाळेत जातात. ती मात्र दरवर्षी नव्याने रुजू होते. कोविडच्या दोन वर्षांत तर घाईघाईने मुली घेतल्या. पालथं झोपवून श्वास भरवणं, महिनाभर खाटेवर राहिलेल्यांना पुन्हा उभं करणं, सगळं त्यांनी केलं, मास्कने नाक सोलवटून घेऊन केलं. लाट ओसरली आणि ऑर्डरी संपल्या. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आजही तुम्हाला डॉक्टर भेटतील, नर्स भेटतील, एक्स-रे काढणारा भेटेल. फिजिओथेरपिस्ट क्वचितच भेटेल. आणि वारं गेलेला माणूस तर तालुक्यापर्यंतही येऊ शकत नाही.

२०२१ मध्ये संसदेने आमच्यासह अनेक आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. आता नवा अभ्यासक्रम पाच वर्षांचा होतो आहे, त्यात इंटर्नशिप वाढली. शिक्षक म्हणून मला ते पटतं, मुलींचे हात जास्त तयार होतील. पण शेवटी पद नसेल तर ते वाढलेलं शिक्षण त्या कंडक्टरच्याच खिशातून जाणार आहे. २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही यावर केंद्राचं एक पत्र निघालं आणि लगोलग थांबवलंही गेलं. आमच्या व्हॉट्सअॅप गटांवर महिनाभर दुसरा विषय नव्हता. मला मानाचं महत्त्व कळतं. जिन्याखाली बसलेल्या माणसाला ते जास्तच कळतं. तरी त्या महिन्यात मला वाटत राहिलं की एवढ्याच जोराने आपण प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक कायम जागा मागितली असती, तर आप्पांच्या गावाला त्याचा उपयोग झाला असता. मागणी अवाजवी नाही. केरळने २००८ मध्येच घरी जाऊन शुश्रूषा करण्याचं धोरण केलं आणि तिथल्या पंचायती त्यावर खर्च करतात. घरापर्यंत जाणं हे सरकारी काम असू शकतं, हे याच देशात दिसलं आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती बोलली जात नाही, पण मुलींच्या बाबतीत ती सगळ्यांत निर्णायक ठरते. आमच्या वर्गात मुली जास्त. नोकरी मिळत नाही म्हणून हुशार मुलगी स्वतःची प्रॅक्टिस सुरू करते. दोन-तीन वर्षं राबून चार गावांत नाव होतं. ‘त्या स्कूटीवाल्या मॅडम’ म्हणून लोक ओळखतात. मग लग्न ठरतं, ती साताऱ्याला किंवा नगरला जाते, आणि ती चार गावं मागे राहतात. शिक्षिकेची बदली होते, नर्सला दुसऱ्या गावात अर्ज करता येतो. प्रॅक्टिस मात्र माहेरची असते आणि ती सासरी नेता येत नाही. नव्या गावात पहिल्या व्हिजिटपासून सुरुवात, त्यात बाळंतपण, त्यात ‘एवढ्या पैशांसाठी उन्हातान्हात कशाला हिंडतेस’ हे ऐकणं. माझ्या पहिल्या तुकडीतल्या किती जणी आज हे काम करत नाहीत, ते आठवलं की मी अस्वस्थ होते. काही जणी पुण्यात संगणकासमोर बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिलं तपासतात. ते काम हलकं नाही. पण त्यांच्या हातांत जे होतं ते कोणाला मिळालं नाही. कायम पगाराची, बदली होऊ शकणारी नोकरी ही या मुलींसाठी केवळ पैशाची बाब नाही. लग्नानंतरही आपण जे आहोत ते राहण्याची ती एकच खात्रीची वाट आहे.

जी बाहेर जाऊ शकते ती बाहेर जाते. आखातासाठी एक परीक्षा, ऑस्ट्रेलियासाठी वेगळी, अमेरिकेसाठी आणखी वेगळी, इंग्लंडसाठी नोंदणी. कवलापूरकडच्या एका मुलीने इंग्लंडची नोंदणी मिळवली आणि ती तिथल्या सरकारी सेवेत लागली. रविवारी फोन करते. एकदा म्हणाली, ‘‘मॅडम, मी आज पाच घरं केली. एका आजोबांना बागेपर्यंत चालवलं. गाडीचा खर्च वेगळा मिळतो.’’ मी विचारलं, पेशंटकडून किती घेता? ती हसली. ‘‘पेशंटकडून काहीच नाही, मॅडम. घरी जाणं हीच माझी नोकरी आहे.’’ फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. तेच हात, तेच शिक्षण, तेच पलंगाच्या कडेला बसवून उठवणं. तिच्या पाच घरांतलं एकही घर तिला परत पाठवत नाही, कारण दहावी सिटिंग झाल्यावर कोणाला अंगणात हिशेब करावा लागत नाही.

कंडक्टर दादांना यातलं मी त्या रात्री पाच मिनिटांत थोडंफार सांगितलं. ‘पाठवू नका’ असं म्हणाले नाही. तसं म्हणायला जीभ वळत नाही, कारण मला या कामाएवढं दुसरं काही आवडलेलं नाही. उजव्या हाताचा अंगठा आता थंडीत ठणकतो, तरी आवडतं. ‘पाठवा’ असंही म्हणाले नाही. एवढंच म्हणाले की फॉर्म भरायच्या आधी मुलीला एक दिवस माझ्याबरोबर पाठवा. काम बघू दे.

ती पुढच्याच शनिवारी आली. वेणी घट्ट बांधलेली, पाठीला सॅक. सकाळपासून आम्ही चार घरं केली. म्हैसाळ रस्त्याला एका आजींचा बदललेला गुडघा होता. बेडगला पाच वर्षांचा मुलगा होता, त्याला आईच्या मांडीवर बसवून मान सावरायला शिकवत होतो. तिसऱ्या घरी वारं गेलेले एक गृहस्थ. त्यांचा पलंग बुटकाच होता. मी काही म्हणायच्या आत तिने विचारलं, ‘‘याच्याखाली काहीतरी घालायचं का?’’ परसातून ती स्वतः विटा घेऊन आली. एक वीट हलत होती, तिच्याखाली तिने खापराचा तुकडा सरकवला आणि हाताने दाबून बघितलं. तिने टॉवेलची एक बाजू धरली, मी दुसरी. ते गृहस्थ अर्धवट उठले आणि तिच्या खांद्यावर त्यांचा सगळा भार आला. ती दचकली, पण तिने टॉवेल सोडला नाही.

दुपारी तीनच्या उन्हात परत निघालो. ती मागे बसली होती. मला वाटलं थकून गप्प आहे. म्हैसाळच्या कालव्यापाशी मी पाणी प्यायला थांबले तर तिने सॅकमधून वही काढली. तिने गावांची नावं लिहिली होती, त्यांच्यापुढे माझ्या स्कूटीच्या मीटरवरचे आकडे, प्रत्येक घरी किती वेळ गेला ते, आणि ज्या घरी पैसे मिळाले त्यांच्यापुढे रक्कम. बेडगच्या पुढचा रकाना कोरा होता. तिथे मी काही घेत नाही.

‘‘मॅडम,’’ ती म्हणाली, ‘‘पेट्रोल वजा करून एका घरामागं हाताला किती ऱ्हातं?’’

मी बाटलीचं झाकण लावलं, वही तिच्याकडून घेतली आणि कालव्याच्या कठड्यावर बसून तिला हिशेब मांडून दाखवला.